हातमोज्यातला तुकडा

“खुंटी काय शोभेला मारलीय?” चुलीपाशी ट्विलीबाई स्वतःशीच पुटपुटल्या. “न्यायची तर न्या, पण परत आणून अडकवायला काय हात मोडतात?”

खुंटीवर मांस ठेचायची लाकडी हातोडी नव्हती. ती कुठे आहे ते त्यांना ठाऊक होतं. मागच्या पायऱ्यांवरून धप् धप् असा बेताचा आवाज येत होता. बाईंनी जाळीच्या दारातून पाहिलं. अँटन झ्विक त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. गुडघ्यांवर फळी, फळीवर तळहाताएवढा मांसाचा तुकडा. ठोकायचा, उलटायचा, पुन्हा ठोकायचा. शेजारी ड्यूक कुत्रा लाळ गाळत बसला होता.

बाई पुन्हा चुलीकडे वळल्या. हंगाम सुरू झाल्यापासून हातोडीबद्दल त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

गावच्या बेसबॉल संघात ओरिन प्रुएट चेंडू फेकायचा आणि अँटन फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलायचा. नऊ वर्षं दोघं हेच करत होते आणि नऊ वर्षं दोघं ट्विलीबाईंच्याच खाणावळीत राहत होते. ओरिनचा चेंडू असा यायचा की जाड हातमोजा घालूनही संध्याकाळी अँटनचा डावा पंजा पावासारखा फुगायचा, चमचासुद्धा धरवायचा नाही. म्हणून खाटकाकडून मांसाचा तुकडा आणून तो हातमोज्यात तळव्याशी ठेवायचा. सामना संपेपर्यंत तुकड्याचा चेंदामेंदा झालेला असे. घरी आल्यावर सगळ्यांच्या देखत तो ड्यूकला टाकायचा, आणि ओरिनने विचारायचं, “काय ड्यूकराव, नीट शिजलंय ना?” अख्खा संघ हसायचा. त्या वर्षांत जिंकत असल्यामुळे हसू लवकर यायचं.

या वर्षी तुकडा जसा जायचा तसाच परत येऊ लागला. बाईंनी एकदा स्वयंपाकघरात विसरलेला हातमोजा उचलला, तर आतला तुकडा काठावरच्या चरबीसकट शाबूत होता. दुसऱ्या दिवसापासून हातोडी गायब व्हायला लागली.

खाणावळीत राहणाऱ्या संघातल्या बाकीच्यांनाही कळत होतं. ओरिनने फेकलेला चेंडू फलंदाजाच्या तडाख्याने त्याच्याच कानाजवळून सणसणत परत जायला लागला की मैदानावरच्या कुणालाही कळतं. पण रॅफर्टीसारखा वात्रट, जो स्वतःच्या आईच्या लाकडी पायावर विनोद करायचा, तोही या विषयावर गप्प होता.

हंगाम संपला की पोरं आपापल्या गावी पांगायची. अँटन उत्तरेला नदीवरचा बर्फ कापायला जायचा. ओरिनला जायला गाव नव्हतं. वरच्या मजल्यावरची खोली हेच त्याचं गाव, आणि तीही संघात असेपर्यंतच. हिवाळाभर लांब टेबलाच्या एका टोकाला तो जेवायचा, दुसऱ्या टोकाला ट्विलीबाई. मधे नुसत्या खुर्च्या. मीठ मागायलासुद्धा आवाज चढवावा लागायचा. तरी इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी एक खुर्ची पुढे सरकलं नव्हतं.

फाटक करकरलं. अँटनने हातोडी पटकन पायरीखाली सारली. ओरिन आला. हल्ली तो नदीकडून वळसा घालून, सगळ्यांच्या नंतर यायचा.

अँटनने तुकडा ड्यूककडे भिरकावला. “आज जरा जास्तच मारलंस रे बाबा.”

“काय ड्यूकराव,” ओरिन म्हणाला, “नीट शिजलंय ना?”

अँटन एकटाच हसला, जरा मोठ्याने.

त्या रात्री संघाचा व्यवस्थापक कॅव्हनो जेवायला होता. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते ठरवायला तो आलाय हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने दोनदा वाढून घेतलं, तोंड पुसलं, आणि मग विचारलं.

“झ्विक, मागे तू बसतोस, तुझ्याइतकं कुणाला कळणार? म्हाताऱ्याचा चेंडू अजून पोळतो का रे? तू हो म्हण, मी याला ठेवतो.”

ओरिन पाव मोडत होता. मोडतच राहिला.

“पोळतो म्हणजे? हे बघा ना!” अँटनने टेबलाखालचा डावा हात वर केला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

“हे फडकं झालं,” कॅव्हनो म्हणाला.

“आतला हात बघू नका साहेब, जेवण जायचं नाही,” रॅफर्टी मधे पडला. “आधीच ट्विलीबाईंचा कोबी आहे.”

“दोनदा घेतलास तो, मेल्या!” बाई म्हणाल्या.

हशा झाला. कॅव्हनोही हसला. बाईंना वाटलं, टळलं. त्या उठून बटाट्यांचं भांडं घेऊन आल्या. दगडी भांडं, काठोकाठ भरलेलं. अँटनच्या खांद्यावरून ते टेबलावर ठेवताना काठ निसटला.

अँटनने मान वळवलीही नाही. नुसता डावा हात वर गेला आणि भांडं पंजात बसलं. एकही बटाटा सांडला नाही. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. फडकं मात्र गळून पडलं. आतला तळवा गुळगुळीत, गुलाबी होता, एखाद्या कारकुनाचा असावा तसा.

सगळ्यांनी आपापल्या ताटलीत पाहिलं. भांडं कुठे ठेवावं ते अँटनला सुचेना. तो ते तसंच तोलून धरून बसला. बाईंचे दोन्ही हात अजून हवेतच होते.

ओरिन उठला. मागचं दार उघडून बाहेर गेला. त्याची पावलं पायऱ्या उतरताना ऐकू आली, मग चढताना. तो परत आला आणि त्याने हातोडी खुंटीवर अडकवली.

“तुमची वस्तू, बाई. खालच्या पायरीपाशी होती.”

आपल्या जागी न जाता तो अँटनच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

“रोज कोपऱ्यावर उभा असतो मी,” तो हळू म्हणाला. “तुझं ठोकणं थांबलं की मग येतो.”

“जेव ना गड्या,” अँटन म्हणाला. “ओरिन, जेव आधी.”

ओरिनने एक बटाटा त्याला वाढला, एक स्वतःला घेतला. मग टेबलापलीकडे पाहिलं.

“हात गेलाय माझा, कॅव्हनो. एप्रिलमध्येच गेला.”