किल्लीवाल्याच्या घरचं कपाट

किल्लीवाल्याच्या बायकोने गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली कुलपात घालून फिरवली, कपाटाचं दार उघडलं आणि जॅमची बाटली बाहेर काढून खिडकीतल्या उजेडात धरली. काल रात्री तिने बाटलीवर पेनाने रेघ मारली होती. जॅम त्या रेघेच्या दोन बोटं खाली होता. बिस्किटांचा पुडा व्यवस्थित दुमडून ठेवलेला होता आणि आत एकच बिस्किट होतं. पुडा संपवला असं कुणी म्हणू नये, म्हणून ठेवलेलं.

कुलूप मात्र जसंच्या तसं. ना ओरखडा, ना वाकलेला कोयंडा. खाऊन झाल्यावर भल्या माणसाने ते पुन्हा लावून टाकलं होतं.

"अहो, इकडे या जरा!"

किल्लीवाला टॉवेलने तोंड पुसत स्वयंपाकघरात आला.

"हे काय आहे?"

"कुलूप."

"ते दिसतंय मला. जॅम कुठे गेला?"

"कपाटाला कुलूप होतं ना?"

"होतं."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे."

"मग मला कशाला विचारतेस?" असं म्हणून तो शांतपणे दाढीचं सामान शोधायला गेला.

मी नाही त्यातली, कडी लाव आतली! तिने बाटली कपाटात आदळली. बत्तीस वर्षं ज्याने गावभरची कुलपं उघडली, त्याच्यापासून जॅम कुलपात ठेवायचा. कुणाला सांगितलं तर हसतील लोक. तिला मात्र हसू येत नव्हतं, कारण त्या दिवशी रक्त तपासायचं होतं.

रक्तातली साखर दोनशे अडतीस निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि चष्मा काढला.

"तिसऱ्यांदा पुढे ढकलतेय मी हे ऑपरेशन. मोतीबिंदू पिकून दगड झालाय. आणखी थांबलो तर मलाही काही सांगता येणार नाही. एवढ्या साखरेत मी डोळा उघडणार नाही, आणि यांना डोळा तर एकच आहे."

डावा डोळा तरुणपणीच गेला होता. कानशीने किल्ली घासताना धातूचा कण उडून डोळ्यात रुतला. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि त्या बाजूला अंधार तो अंधारच राहिला.

"रात्री काही खाता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे," किल्लीवाला म्हणाला.

बायकोने छताकडे पाहिलं.

"चार आठवडे देते. साखर दीडशेच्या आत आणा."

घरी येताना ती सगळ्या रस्त्याने बोलत होती आणि तो सगळ्या रस्त्याने ऐकत होता. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी तिने घरातला खाऊ कपडे धुण्याच्या यंत्रात लपवला, तो सापडला. शिवणयंत्राच्या खोक्यात लपवला, तोही सापडला. तिसऱ्या दिवशी तिने मनाचा हिय्या केला आणि चौकापलीकडच्या दुकानातून, म्हणजे नवऱ्याच्या हाडवैऱ्याकडून, सगळ्यात भारी कुलूप विकत आणलं.

"हे उघडून दाखवा," ती म्हणाली.

त्याने कुलूप हातात घेतलं. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण त्याचा चेहरा खुलला. तो ते कुलूप तळहातावर फिरवत राहिला, भोकावरून अंगठा फिरवला, कानाशी नेऊन हलवलं. कुलपाकडे पाहिलं मात्र एकदाही नाही.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "लाव."

सकाळी कुलूप बंद होतं आणि आतला अर्धा पाव गायब.

तिने मुलीला फोन लावला आणि पहिली पाच मिनिटं श्वाससुद्धा न घेता बोलली.

"आई, मुळात घरात आणतेसच कशाला तू बिस्किटं?" मुलगी म्हणाली. "नसलंच काही, तर खातील काय?"

एवढं साधं आपल्याला सुचू नये याचाही तिला संताप आला. त्याच दुपारी तिने कपाट रिकामं केलं आणि सगळं शेजारी देऊन टाकलं. मग खुन्नस म्हणून रक्ताचा कागद उलगडून मधल्या फळीवर ठेवला, दोनशे अडतीस हा आकडा वर येईल असा, आणि भारी कुलूप लावून निवांत झोपली. उघडू दे, म्हणावं. वाच आणि पोट भर.

सकाळी कागद चार घड्या घालून नीट ठेवलेला होता.

तिला जरा बरं वाटलं. लागलं म्हणायचं मनाला. पण त्या रात्री तिने कुलपाच्या कडीत एक बारीक दोरा अडकवून ठेवला, उगाच, आणि सकाळी तो दोरा खाली पडलेला होता.

रिकामं कपाट. रिकामं आहे हे माहीत असलेलं कपाट. ते कोण उघडतं?

तिसऱ्या रात्री ती झोपेचं सोंग घेऊन पडली. तो उठला तेव्हा तिने शंभरपर्यंत आकडे मोजले आणि अनवाणी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

दिवा लावलेला नव्हता. रस्त्यावरच्या दिव्याचा थोडा उजेड ओट्यावर पडला होता. किल्लीवाला कपाटासमोर स्टुलावर बसला होता आणि त्याने डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं घट्ट बांधलं होतं. त्याच्या एका हातात वाकडी तार होती, दुसऱ्या हातात पातळ पट्टी. कुलूप खट् करून उघडलं. त्याने ते लावलं. पुन्हा तार घातली. पुन्हा खट्. पुन्हा लावलं. कपाटाच्या दाराला त्याने हातसुद्धा लावला नाही.

ती दारातून पुढे आली.

"किती दिवस चाललंय हे?"

त्याने दचकून फडकं ओढलं. मग ते मांडीवर ठेवून घडी करू लागला.

"ऑपरेशनची पहिली तारीख दिली तेव्हापासून."

"आणि खाणं?"

"कुलूप उघडलं की दार उघडायचं. दार उघडलं की हाताला काहीतरी लागायचं." त्याने तार ओट्यावर ठेवली. "आणि खाल्लं की साखर वाढते. साखर वाढली की तारीख पुढे जाते."

ती खालीच बसली, थंड फरशीवर. त्याला आत्ता जे धूसर दिसत होतं, तेवढं तरी तो सांभाळून होता. ऑपरेशनच्या टेबलावरून एक डोळा परत आला नव्हता हे ती विसरली होती. तो विसरला नव्हता.

"जमतंय ना पण तुम्हाला," ती म्हणाली. "न बघता."

"उघडणं जमतं. पण उघडायला काय, चोरालाही येतं. किल्ली नाही बनवता येत. किल्लीला डोळा लागतो."

"माझे दोन आहेत."

"तुला कानस धरता येत नाही."

"मग शिकवा!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या घरात दिवा लागला. "डोळा आला तर आला. नाही आला तर मी घासेन आणि तुम्ही सांगाल. पण तारखेला ऑपरेशन व्हायला पाहिजे. आणि पुन्हा कपाटाशी दिसलात तर बघा."

दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर त्याने दुकानातला शिकंजा ओट्यावर बसवला, कोरी किल्ली त्यात आवळली आणि तिच्या हातात कानस दिली. त्याच भारी कुलपाची किल्ली बनवायची. नमुना समोर ठेवलेला. तिने तासभर घासलं. त्याने किल्ली घेतली, दातांवरून अंगठा फिरवला, वाटलं तिथे स्वतः बोटांनी कीस झटकला आणि ती डब्यात टाकली.

"परत."

"कुलपात घालून तर बघा!"

"कच्ची किल्ली कुलपात घालायची नाही. अडकली की कुलूप गेलं. परत."

तिने संतापाने डब्यातली किल्ली काढून तिच्या डोक्यावर खिळ्याने एकचा आकडा कोरला. आपण किती घासल्या याचा पुरावा असावा. दुसऱ्या रात्रीच्या किल्लीवर दोनचा, तिसऱ्या रात्रीच्या किल्लीवर तीनचा. अकरा-साडेअकरापर्यंत घासायचं आणि मग "परत". तिसऱ्या दाताशी तिची कानस तिरकी जायची आणि तो दर वेळी "तिसरा" एवढंच म्हणायचा. पितळेचा कीस नखांत, रेघांत, मनगटापर्यंत. साबणाने तीन वेळा धुतले तरी हातांना धातूचा वास यायचा. अशा हातांनी पाण्याचा पेलासुद्धा तोंडाला लावावासा वाटत नसे. नवऱ्याची बिस्किटं बंद करता करता तिच्या स्वतःच्या नाकी नऊ आले. आयुष्यभर आपण किती सोसलं असं तिला वाटत होतं, पण हा माणूस शिकवायला बसल्यावर कळलं, आत्तापर्यंत तर सुखाचेच दिवस होते.

"डोकं नाही हो हिला," रक्त द्यायला गेल्यावर त्याने डॉक्टरबाईंना सांगितलं. "रोज शिकवतोय. एकोणीस झाल्या."

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. त्या कागद बघत होत्या. साखर एकशे शेहेचाळीस होती.

"काय केलंत काय?"

"मलाच विचारा," ती म्हणाली आणि रागारागाने पर्स बंद केली.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने त्याला हिरवा अंगरखा घालायला दिला आणि त्याचे कपडे एका पिशवीत भरून तिच्या हातात ठेवले. दारापर्यंत त्याने तिचं मनगट धरलं होतं. दार आलं तेव्हा सोडलं. ती "नीट जा" म्हणाली, जसं काही तो गावाला निघाला होता.

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, काम तर नीट झालंय, पण दिसेल किती ते पट्टी काढल्यावर. रात्रभर त्याला तिथेच ठेवणार होते. तिला घरी जायला सांगितलं.

घरी येऊन तिने धुवायला टाकण्यासाठी त्याची पँट झटकली, तेव्हा खिशातून किल्ली जमिनीवर पडली. पितळेची. डोक्यावर नऊचा आकडा आणि तिसरा दात किंचित तिरका.

तिने ती बराच वेळ हातात धरली. मग कपाटाशी गेली आणि गुरुजींची आज्ञा मोडून ती कुलपात घातली. किल्ली कुठेही न अडखळता फिरली. तिने पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा उघडलं.

नववी लागत होती. आणि त्यानंतर या माणसाने तिच्याकडून आणखी दहा घासून घेतल्या होत्या!

तिने दवाखान्यात फोन लावला आणि नर्सला त्याच्या कानाशी धरायला सांगितला.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

"नववी लागते."

"कुलपात घातलीस?"

"घातली."

"कच्ची किल्ली घालायची नाही म्हणून सांगितलं होतं."

"कच्ची नव्हती!"

"नव्हती," तो म्हणाला.

"मग पुढच्या दहा कशासाठी घासल्या मी? बोटं सोलवटून निघाली माझी. रोज आपलं परत, परत. सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू निजायला गेली असतीस," तो म्हणाला. "आणि मी स्वयंपाकघरात एकटा राहिलो असतो. माझा भरवसा नव्हता मला."

तिने किल्ली मुठीत आवळली.

"पट्टी कधी काढणार?" तिने विचारलं.

"सकाळी आठला."

"साडेसातला येते. डोळा उघडला की इकडे-तिकडे बघू नका, आधी माझ्याकडे बघा."

"का?"

"किती चिडलेय ते दिसायला पाहिजे तुम्हाला," ती म्हणाली.