एका पातेल्यातली लोकर

या घरात लोकर शिरली तेव्हा ती एका टोपलीत मावत होती. पुढे तिने पाय पसरले. आता कपाटात लड्या असतात आणि कपडे खुर्चीवर. कुणाला खुर्चीत बसायचं असेल तर कपडे पलंगावर जातात, आणि पलंगावर झोपायचं असेल तर आधी घरात चर्चा होते. न्हाणीघरात रंगवलेल्या लड्या निथळत असल्यामुळे सूनबाईंचा नवरा आंघोळीला गोरा जातो आणि निळसर बाहेर येतो. ऑफिसात आता कोणी विचारत नाही.

धंदा सूनबाईंचा. डबे भरून झाले की त्याच शेगडीवर रंगाचं पातेलं चढतं. एका हाताने लड्या ढवळायच्या, दुसऱ्या हातातल्या फोनवर गिऱ्हाइकाशी मधाळ बोलायचं, आणि त्याच तोंडाने ओरडायचं, "अहो, तो टॉवेल नाही, नमुना आहे!"

सूनबाईंना फार काही नको होतं. बाजारातल्या कापडवाल्या बाईंच्या दुकानात एक कोपरा रिकामा होता. एक टेबल, दोन फळ्या आणि मुख्य म्हणजे घरापासून लांब. तिथे बसलं की कुणाचा मोजा सापडत नाही हे ऐकू येणार नव्हतं. कापडवाल्या बाईंनी वांगी रंगाची लोकर नेऊन शाल विणायला घेतली होती. "शाल मनासारखी झाली की कोपरा तुमचा," असा शब्दही दिला होता. आणि आज सकाळी त्यांचा फोन आला. एका लडीसाठी शाल अडली होती. संध्याकाळी त्या स्वतः येणार होत्या.

लडी त्याच पातेल्यातली हवी होती. तीच पूड, तेच पाणी, तीच शेगडी घेतली तरी नव्या पातेल्यातला रंग सख्खा येत नाही, चुलत येतो. शालीत तो पट्टा जन्मभर वेगळा दिसतो.

त्या पातेल्यातली लोकर घरात होती. सासऱ्यांच्या अंगावर होती. उरलेल्या लड्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर सूनबाईंनीच मागे प्रेमाच्या भरात विणला होता. प्रेमाच्या भरात माणूस शिल्लक माल बघत नाही.

"बाबा, स्वेटर जरा काढून देता?"

"धुवायला?"

"उसवायला."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे माझी लोकर जाणार, मग त्या लोकरीमागून तू जाणार. आणि मी दिवसभर काय या कपाटाशी गप्पा मारू?"

"संध्याकाळी येईनच की हो घरी."

"संध्याकाळी तो निळाही येतो. त्याचं मला काय कौतुक? मी काढणार नाही. मला थंडी वाजते."

"मग अंगावरूनच उसवते."

"उसव!" सासरे म्हणाले. ही धमकी आहे असा त्यांचा समज होता.

स्वेटर गळ्यापासून खाली विणलेला, त्यामुळे खालून सुटत होता. सूनबाईंनी किटली उकळत ठेवली. जुन्या विणीच्या वळ्या वाफेवर सरळ होतात. सासरे खुर्चीत, सूनबाई शेगडीशी, आणि मधे धागा. सासरे मुद्दाम हळूहळू वळत. मधेच म्हणत, "कमरेला वारा लागतोय," मधेच, "आता बेंबी." चहा दोनदा झाला. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा सूनबाईंनी नुसतं पाहिलं.

स्वेटर छातीपर्यंत आला, लडी जेमतेम भरली, आणि दारात कापडवाल्या बाई उभ्या.

त्यांनी वाफ पाहिली, दोरीवरचे रंग पाहिले, अर्ध्या स्वेटरातले सासरे पाहिले. शालीशेजारी लडी धरली. रंग सख्खा होता. सूनबाईंचा जीव भांड्यात पडला.

"मग कोपऱ्याचं..." सूनबाई म्हणाल्या.

"अहो, कोपरा कसला घेऊन बसलात?" बाई हरखून म्हणाल्या. "असं घर सोडून माझ्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसणार तुम्ही? लोकांना हेच बघायला आवडतं! कोपऱ्यात मी मेणबत्त्या ठेवते. गिऱ्हाइकं इकडेच पाठवते, रोज."

"पण इथे जागा..."

"जागेचं काय, खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकू," सासरे उत्साहाने म्हणाले. "पाठवा हो! मी असतोच दिवसभर."

बाई लडी घेऊन गेल्या. पैसे रोख दिले, वर सूनबाईंना मिठी मारली.

सूनबाईंनी दार लावलं. मग त्यांनी नव्या पातेल्यातली वांगी लोकर काढली, सासऱ्यांच्या छातीवरचे सुटे टाके सुईवर घेतले आणि विणायला लागल्या.

"रंग वेगळा दिसतोय गं," सासरे मान वाकवून म्हणाले.

"चुलत आहे."

"असू दे. घरातलाच आहे."

तेवढ्यात घंटी वाजली. पहिलं गिऱ्हाईक. कापडवाल्या बाई शब्दाच्या पक्क्या. नको तेव्हा.

"बस तू, मी उघडतो," म्हणत सासरे उठले आणि झपाझप दाराकडे निघाले. सुया त्यांच्या छातीवर, लोकरीचा गुंडा सूनबाईंच्या पदरात अडकलेला. धागा ताणला गेला. तोडावा म्हणून सूनबाईंनी कात्री शोधली, ती कपड्यांखाली कुठेतरी होती. मग त्याही उठल्या आणि धाग्यामागून गेल्या.