खारट झालेली तंजिया

मित्रांनो, मी मराकेश शहरातली एक जुनी तंजिया. मातीची, फुगीर पोटाची, अरुंद तोंडाची. माझ्यात मांस, लसूण, केशर आणि मुरवलेलं लिंबू भरतात, तोंडावर दोरीनं कागद बांधतात आणि हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, भट्टीतल्या गरम राखेत मला पुरतात. तिथे दिवसभर मी गुपचूप शिजवत बसते.

माझा मालक महजूब चार मेजांची खानावळ चालवायचा. गिऱ्हाईकं बोटं चाटत उठायची, माझंही कौतुक व्हायचं, आणि मला ते फार आवडायचं. महजूब वारला आणि खानावळ त्याच्या बायकोकडे, बतूलकडे आली. आमच्याकडे तंजियातलं मांस पुरुषच शिजवतात, म्हणून मी दोन वर्षं फळीवर धूळ खात पडले. बतूल डाळीचं सार विकून दिवस ढकलत होती. तिचा दीर द्रीस चपला शिवायचा, पण त्याचा डोळा खानावळीवर होता.

यंदा मोहल्ल्यातल्या खानावळींची तंजिया शिजवण्याची स्पर्धा ठरली. बतूलनं मला खाली काढलं. द्रीस चारचौघांत हसला.

"वहिनी, पहिल्या तिघांत आलात तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आलात तर खानावळीची किल्ली माझी."

"चालेल, भावजी," ती म्हणाली. त्या रात्री तिनं मला तीनदा धुतलं, हे फक्त मला ठाऊक.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे भट्टीवाल्या बा अल्लालनं सगळ्या तंजिया राखेत पुरल्या. दुपारी तो नमाजाला गेला आणि माझ्यावरची राख सरकली. दोरी सुटली. धुरात मला चेहरा दिसला नाही, नुसते दोन हात दिसले. त्यांनी ओंजळभर मीठ माझ्यात ओतलं आणि कागद पुन्हा बांधला. मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी सगळा हमाम गोळा केला असता.

संध्याकाळी आम्हाला ओळीनं मांडलं. बतूल नवा रुमाल बांधून उभी होती. एकेक तंजिया उघडली जात होती, परीक्षक चाखून माना डोलवत होते. माझा नंबर पाचवा. तिथेच तडकून फुटावं, असं मला वाटत होतं. दोरी सोडायचं काम बा अल्लालचं. माझ्यापाशी त्याची बोटं थांबली.

"बतूल, ही गाठ तुझी?"

"माझीच. का?"

"सकाळी तू लांब फास सोडला होतास, चटका न बसता सुटावा म्हणून. ही थुंकी लावून आत ओढलेली आहे. चपलेच्या टाक्याची गाठ."

सगळ्यांनी द्रीसकडे पाहिलं. वीस वर्षांची सवय, हातानं आपोआप गाठ मारली होती. मोहल्ल्यात चाळीस चांभार आहेत, असं तो पुटपुटला.

"असतील," बा अल्लाल म्हणाला. त्यानं दोरी कापली, रोटीचा तुकडा रश्शात बुडवला आणि द्रीसच्या हातात दिला. "वहिनीच्या हातचं आहे. खा."

द्रीसचा हात तोंडापर्यंत गेला नाही.

मधे उघडलेली तंजिया चाखायची नाही, असा नियम होता. मला बाजूला ठेवलं, बक्षीस दुसऱ्याला गेलं. किल्लीचं नाव द्रीसनं पुन्हा काढलं नाही. पण मांस ओतून टाकताना बतूल रडली.

मीठ मात्र माझ्या मातीत मुरलं. आता माझ्यात काहीही शिजवलं तरी खारट होतं. कुंभारानं मला फेकून द्यायला सांगितलं. बतूलनं द्रीसला बोलावलं.

"मीठ तुम्ही घातलंत, काढायचंही तुम्हीच. रोज सकाळी गच्चीवर येऊन हिच्यात पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी चाखून सांगायचं. पाणी गोडं लागलं की तुम्ही मोकळे."

मित्रांनो, बिघडलेलं भांडं घाईनं फेकू नका. त्याला पाणी द्या, दिवस द्या. मला धास्ती होती ती निराळीच. द्रीस एकटाच गच्चीवर येतो, त्याच्यावर कुणी नजर ठेवत नाही. एकदा खोटं बोलला की त्याची सुटका होणार होती.

आज एकतिसावा दिवस. त्यानं घोट घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला आणि कठड्यावरून खाली हाक मारली, "वहिनी, अजून खारट आहे."

मग त्यानं मला रिकामं केलं आणि ताजं पाणी भरायला घेतलं.