ओळखणं सोडून बाकी सगळं

पाळणाघराच्या फाटकावरच्या मावशींना माणसांचे चेहरे ओळखू येत नव्हते, आणि हे त्यांच्या लेकीशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. आता बोला! जिचं कामच मुळी ज्याचं मूल त्याच्या हाती देणं, तिलाच चेहरा कळू नये! दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून डोक्याला मार बसला. जखम भरली, पण तेव्हापासून नाक दिसे, डोळे दिसत, त्यातून माणूस काही उभा राहत नसे. आरशातली बाई आपणच आहोत, हेसुद्धा कपाळावरच्या व्रणावरूनच कळे. पण घरची चूल या पगारावर पेटत होती, म्हणून मावशी तोंडाला कुलूप लावून बसल्या.

लेक शाळेत भाषा शिकवायची. तिनं वहीत 'ओळखणं'चे समानार्थी शब्द लिहून दिले. "आई, ओळखणं बंद झालं तर झालं. बाकीचे आहेत ना!" मग मायलेकींनी एकेका शब्दाला काम वाटून दिलं. दुरून येणाऱ्याला चालीवरून ताडायचं. गर्दीतल्याला चपलाबुटांवरून हेरायचं. बोलला की आवाजावरून जाणायचं. तरीही मन खात असेल तर दोन इकडच्यातिकडच्या गोष्टी काढून पारखायचं. आणि मुलानं झेप घेऊन गळ्यात मिठी मारली, की खूण पटली. एवढं झाल्यावरच मूल द्यायचं.

दोन वर्षांत एकही चूक नाही. तरी रोज संध्याकाळी पाच वाजले की मावशी वही एकदा चाळून घेत.

त्या दिवशी दीड वर्षाच्या चिमणीला दुपारीच ताप भरला होता. ती मावशींच्या खांद्यावर गाढ झोपली होती. तिचे बाबा डावा पाय किंचित ओढत येत, बोटात किल्ल्या खुळखुळवत, आणि फाटकातूनच "काय म्हणते आमची राणी?" असं विचारत. आज समोर आलेला माणूस सरळ चालत आला. किल्ल्या नाहीत, राणी नाही.

"चिमणीला न्यायला आलोय," म्हणत त्यानं हात पुढे केले.

आवाज जवळपास तोच. पोर झोपलेली, त्यामुळे खूण पटायची सोय नाही. मागे आयाबापांची रांग लागली होती.

"अहो मावशी, तिचे बाबा ताटकळलेत, द्या की!" पाळणाघर चालवणाऱ्या ताई कचेरीच्या खिडकीतून ओरडल्या.

म्हणजे चेहरा बाबांचाच होता. पाय बरा झाला असेल, किल्ल्या खिशात असतील. तरी मावशींनी पारखून पाहिलं. "कालच्या औषधानं काही उतार पडला नाही हो हिला."

"हो ना," तो म्हणाला, "आज डॉक्टरच बदलतो."

काल चिमणी ठणठणीत होती. औषध कुणी दिलंच नव्हतं.

मावशी दोन पावलं मागे सरल्या. "ताई, हे तिचे बाबा नव्हेत."

ताई तरातरा बाहेर आल्या. "डोळे फुटले का तुमचे? रोजचा चेहरा दिसत नाही?"

आता गप्प राहिलं तर नोकरी वाचत होती. मावशींनी पोरीच्या पाठीवरचा हात घट्ट केला.

"नाही दिसत. मला कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही. दोन वर्षं झाली. तुमचासुद्धा नाही."

एका बाईनं आपल्या मुलाला जवळ ओढलं.

"म्हणजे दोन वर्षं आमच्या जिवाशी खेळ चालला होता?" ताईंचा आवाज कापत होता. "द्या ती मुलगी इकडे. आणि उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण आधी बाबांना फोन लावा. हात जोडते."

ताईंनी चिडूनच नंबर लावला. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात काहीच वाजलं नाही. फोनमधून मात्र आवाज आला, "निघालोच ताई, दहा मिनिटांत पोचतो!"

माणूस जागचा हलला नाही. तोंड मिटलेलंच होतं. मग गर्रकन वळला आणि रस्त्यावरच्या माणसांत मिसळून गेला. ताई भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

पाय ओढत, किल्ल्या वाजवत बाबा धावत आले. चिमणी जागी होऊन त्यांच्या गळ्यात पडली, तेव्हाच मावशींनी हात सोडले. "माझा जुळा भाऊ," बाबा रडत म्हणाले. "वर्षापूर्वी त्याची मुलगी गेली. तेव्हापासून चिमणी त्याचीच मुलगी आहे असं म्हणतो. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण लाज वाटली."

सगळी मुलं गेली. मावशी आत एकट्याच पिशवी भरत होत्या, वही दोनदा खाली पडली. एवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. पाठीमागे उजेड, पायात काही नाही, तोंडातून शब्द नाही. चाल नाही, आवाज नाही. तोच परत आला? मावशींनी पिशवी छातीशी धरली.

"मी ताई आहे, मावशी," दारातली बाई हळूच म्हणाली. "उद्या वेळेवर या."