पायऱ्यांच्या अलीकडे

एकतीस वर्षं त्याने पर्यटकांची बस एकाच घाटाने वर नेली आणि खाली आणली. कुठल्या वळणावर गिअर बदलायचा, हे त्याच्या हातापायांना त्याच्याआधी कळायचं. घरी आला की बायको विचारायची, आज काय पाहिलंत? मग तो सांगायचा. दोन रंगांचं तळं, कड्यावरचा दगडी बुरूज, उन्हं कलली की पाण्यावर उतरणाऱ्या वाकड्या शिंगांच्या रानबकऱ्या. भांडी पुसता पुसता ती मान डोलवत ऐकायची. पुढे तिचं हृदय थकलं, ती उशीला टेकून ऐकू लागली. पण ऐकण्यातली गोडी कणभर कमी झाली नाही.

तो निवृत्त झाला आणि तिने एकच मागणं मागितलं. मला ते तळं दाखवा. डॉक्टरांनी बजावलं, गाडीत बसून कुठेही जा, पण चढायचं नाही. हा छातीठोकपणे म्हणाला, चढायचंय कुठे, गाडी थेट वर जाते.

लेक-जावयाच्या गाडीतून चौघं निघाली. आभाळ राखाडी, डोंगर ओल्या घोंगडीसारखे अंगावर आलेले. जावई चालवत होता आणि शेजारी बसलेले सासरे प्रत्येक वळणावर रिकाम्या जागेत पाय दाबत होते. लाकडी पुलाखाली एक कोल्हा पाणी पिताना दिसला, तेव्हा ती हरखून म्हणाली, "कोल्ह्याचं सांगायचं राहिलं वाटतं तुमचं!" लेक हसली. तो हसला नाही.

वरच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली. समोरून एक सपाट वाट निघून मोठ्या खडकामागे वळत होती. एकतीस वर्षं त्याचे उतारू त्या खडकाआड गेले होते आणि धापा टाकत परतले होते. त्याला वाटायचं, हवा विरळ आहे, लागत असेल दम.

त्याने तिचा हात धरला. हळूहळू दोघं खडकापर्यंत गेली आणि वळली. पुढे लोखंडी पाटी होती: तळ्याकडे, तीनशे बारा पायऱ्या. पायऱ्या उभ्या होत्या आणि वर धुक्यात शिरत होत्या.

ती पाटीकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य तिच्याहून मोठं होतं, आणि तेवढ्यावरून ती सगळं समजली.

जावई म्हणाला, पाठीवर घेऊन जातो तुम्हाला. ती म्हणाली, मी काय पोतं आहे? लेक परत फिरायला निघाली, तर तिने दोघांना जवळजवळ दटावूनच वर पाठवलं आणि स्वतः गाडीत येऊन बसली. तो ड्रायव्हरच्या जागी बसला. दुसरी जागा त्याला सुचली नाही.

"म्हणजे तुम्ही कधी वर गेलाच नाहीत."

त्याने मान खाली घातली. बस सोडून जायचं नाही असा नियम होता, तो पुटपुटला. सुरुवातीला तसंच सांगणार होता. पण पहिल्याच दिवशी तिने इतक्या आशेने विचारलं, की उतारूंच्या गप्पांतलं तळं त्याने स्वतःचं म्हणून सांगितलं. देवापुढे चूक कबूल करणं सोपं, तो आधीच जाणून असतो. रोज वाट पाहणाऱ्या माणसापुढे जीभ उचलत नाही. प्रेमापोटी बोललेलं खोटं तर फार वर्षं टिकतं, त्याला कुणी ओरखडाही काढत नाही.

"ते असू दे," ती म्हणाली. "माझ्या पायांत बळ होतं तेव्हा का नाही आणलंत? किती वेळा म्हटलं मी."

याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आणली असती तर ती म्हणाली असती, चला, दाखवा. म्हणून या वर्षी गर्दी, पुढच्या वर्षी पाऊस, असं म्हणत त्याने तिचे चालते दिवस घालवले होते.

"उघडा पडलो असतो," तो म्हणाला.

तिने काचेतून समोरच्या भिंतीकडे आणि तिच्याजवळच्या नळाकडे पाहिलं. मग विचारलं, तासन् तास इथे बसून करत काय होतात? त्याने सांगितलं. काचा पुसायचो. त्या नळाचं पाणी दातांना झोंबतं. दुपारी तीनला त्या भिंतीवरचं ऊन सरतं, मग थंडी वाजते. एकदा इंजिनाच्या उबेला एक मांजर व्याली, तर बस अडीच तास उशिरा निघाली. साहेब फार बोलले.

"हे सांगितलं असतंत तरी मी ऐकलं असतं," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

खडकाआडून एक कुटुंब उतरून आलं. धापा टाकत, मोठ्याने बोलत. धुकं क्षणभर फाटलं म्हणे, आणि पाणी खरंच अर्धं हिरवं, अर्धं काळं दिसलं. त्याने घाईघाईने तिच्या बाजूची काच वर केली.

"दम कोंडतोय," ती डोळे न उघडता म्हणाली. "उघडा."

त्याने काच खाली केली.