जावयाला काम सांगू नये

गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या चैतराम गुरुजींनी मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, नाटक लिहिलं आणि थेट कॉम्प्युटरवर टाइप केलं, कारण कागदावरचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. नाटक मंडळाचा खेमराज भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रिंट न्यायला येणार होता. नेमका त्याच दिवशी सकाळी कॉम्प्युटर बसला. बटण दाबलं की पंखा फिरे, तीनदा टूं वाजे, पडदा काळाच्या काळा.

दुरुस्त करणारा माणूस घरातच होता, बाजेवर बसून चकल्या खात. जावई धर्मेंद्र. गोंदियात त्याचं कॉम्प्युटरचंच दुकान. पण लग्नात ज्याचे पाय धुतले, त्याला टेबलाखाली वाक म्हणून सांगायचं कसं? त्यातून नाटक होतं एका खादाड, मुक्कामी जावयावर. ते त्याच्या नजरेला पडलं म्हणजे संपलंच.

गुरुजींनी आडून सुरुवात केली.

"आजकाल या मशिनी लय बिघडून राहिल्या, नाही का पाहुणे?"

"बिघडून राहिल्या." चकली.

"एखादी म्हणे तीनदा टूं वाजते."

"वाजते." दुसरी चकली.

धर्मेंद्रचीही पंचाईतच होती. सासऱ्याच्या वस्तूला न सांगता हात लावणारा जावई आगाऊ ठरतो.

आतून गुरुजींची बायको सुशीलाबाई कडाडल्या, "काऊन गोल गोल फिरून राहिले जी? सरळ सांगा ना!"

"जावयाले काम सांगू? गाव थुंकंल तोंडावर."

"मंग पोरीले सांगा. तिच्या नवऱ्याले ती सांगंल."

लेक खुशीला रीतभात आड आली नाही. "अहो, उठा. बाबाचा कॉम्प्युटर बंद आहे."

धर्मेंद्र अर्धा उठला, तोच गुरुजी धावले. "नाही नाही, पाहुणे, तुम्ही बसा! मीच करतो. तुम्ही फक्त सांगा."

अशा रीतीने जावई खुर्चीवर आणि सासरा स्क्रू काढायचा पेचकस घेऊन टेबलाखाली, असा मान राखला गेला.

"मामाजी, अगोदर वायर काढा. आता झाकण."

झाकण निघालं तसा मूठभर कोंडा बाहेर पडला. कॉम्प्युटर धानाच्या पोत्यांशेजारी होता. घरात कुलूप असलेली खोली ती एकच.

"ते लांब हिरवी पट्टी दिसते? तेच रॅम. बाजूच्या क्लिपा दाबून काढा. तिचे पिवळे दात खोडरबरानं घासा."

तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला खोडायला शिकवावं लागलं नाही. पट्टी परत बसली, वायर लागली, बटण दाबलं. एकदाच टूं वाजलं आणि पडदा उजळला.

"फाइल उघडते का पाहू," म्हणत धर्मेंद्रनं माऊस धरला.

"राहू द्या पाहुणे!"

उशीर झाला होता. धर्मेंद्र वाचत राहिला. चकली हातातच राहिली. गुरुजी टेबलाखालून निघेनात.

"मामाजी."

"बोला पाहुणे."

"दुसऱ्या अंकात जावई स्वतः उठून पाणी घेते. हे काही पटत नाही."

"मंग?"

"सासरा आणून देते, असं करा."

गुरुजी बाहेर आले, गुडघे झाडले, ओळ दुरुस्त केली आणि पाणी आणायला गेले.

पाचला खेमराज आला तेव्हा नाटक दोन पानांनी वाढलं होतं. नाटकातल्या जावयाचं कोंबड्याच्या रश्श्यावरचं सगळं भाषण धर्मेंद्रनं खुर्चीतून सांगितलं होतं. गुरुजींनी ते निमूट टाइप केलं. नाटकात तेवढंच अस्सल आहे, हे त्यांनी खेमराजला हळूच सांगितलं. जावयाला मात्र नाही.