उजव्या हाताला पांढरं घर

"सर, तुम्ही स्वतः कधी एखादी स्पर्धा जिंकलाय का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने विचारलं खरं, पण खिडकीबाहेर त्यांचं खिदळणं ऐकून तिलाच ओशाळल्यासारखं झालं. सर म्हणजे निवृत्त मीटर-रीडर. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपण्यात गेला आणि आता दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत नवशिक्यांना बुद्धिबळ शिकवत होते.

"एकदाही नाही," सर म्हणाले. "जिंकणारे तुमच्यासारख्यांपुढे डोकं फोडत बसतात होय? बस खाली." मग शेजारच्या दोघा पोरांच्या पटावरून बोटं फिरवत ते थबकले. "चष्मिस, राजा कुठाय?"

"मारला सर. खिशात आहे."

"अरे, राजाला शह देतात, मात देतात, खिशात नाही घालत! काढ! आणि तुझा घोडा इथे कसा, गं छोटे?"

"फिरत फिरत आला, सर."

"अडीच घरं जा म्हटलं होतं, गाव सोडून जा नव्हतं म्हटलं! चौदा वर्षं तेच तेच! दगडाला एव्हाना वजीर कळला असता!"

तिला हसू आवरेना. पण आज तिला सांगायचं होतं, की हा शेवटचा रविवार. घरच्यांनी गणिताची शिकवणी लावली होती, नेमकी याच वेळेला.

"पहिला नियम?" सरांनी तिच्यापुढे नवा पट ठेवला.

"उजव्या हाताला पांढरं घर!" सगळे ओरडले.

तिच्या उजव्या हाताला काळं होतं. चष्मिसने तोंड उघडताच तिने टेबलाखाली त्याचा पाय दाबला. सर मोहरी एकेक चाचपून मांडत होते. हत्ती कोणता, उंट कोणता, बोटांनीच ओळखत होते.

"मी मांडते, सर." तिने पट हळूच फिरवला.

सरांचा हात हवेतच राहिला. "चुकला होता?"

"छे! टेबलच चुकीचं ठेवलंय."

"वाचनालयात कुणाला माझ्या डोळ्यांचं बोलू नकोस हं," सर हळू आवाजात म्हणाले. "खोली काढून घेतील."

निरोपाचं बोलायचं राहूनच गेलं.

घरी आईने शिकवणीच्या नव्या वह्या पुढे केल्या. "सांगितलंस ना सरांना?"

"नाही. आणि सांगणारही नाही." तिने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "आई, शिकवणी दुसऱ्या कुठल्याही दिवशी लाव. रविवारी सर शिकवतील आणि पट मी मांडणार."